नगर-बीड-परळी रेल्वेमार्गाच्या फाइलबाईंना खुले पत्र

बीड, १८ सप्टेंबर २०२५

श्रीमती फाइलबाई यांस,


काल आमच्या बीडला रेल्वे आली. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त, ढोल, हारतुरे, मोबाइल उंचावलेली गर्दी. तुम्ही मात्र कुठे दिसला नाहीत. सोहळा ज्यांच्यामुळे इतका दुर्मीळ झाला, त्यांचाच सत्कार राहून गेला. म्हणून हे पत्र.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ साली. आमच्याच जिल्ह्यातल्या परळीला निजामाच्या काळात रूळ पोचले. जिल्ह्याच्या गावाने मात्र १७२ वर्षे वाट पाहिली. त्यातली १४२ तुमच्या माथी मारत नाही. तुमचा जन्म १९९५ चा.

तेव्हा मार्ग ठरला २६१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ३५३ कोटी. मग तुमची तीर्थयात्रा सुरू झाली. दिल्लीचा पैसा आला की मुंबईचा निम्मा वाटा अडे, वाटा आला की भूसंपादन अडे. सुरुवातीची कितीतरी वर्षे अर्थसंकल्पात तरतूद व्हायची ती निघताना पाहुण्याच्या पोराच्या हातावर ठेवावी तेवढी. उशीर झाला म्हणून खर्च वाढला, खर्च वाढला म्हणून आणखी उशीर. आकडा ४,८०५ कोटींवर गेला. गावच्या सावकाराने तुमची शिकवणी लावायला हवी होती. आमचे खासदार गोपीनाथराव मुंडे या गाडीसाठी भांडत राहिले आणि २०१४ ला गेले, गाडी न बघताच.

३० वर्षांत नगर ते बीड १६६ किलोमीटर, म्हणजे रोजचे १५ मीटर. गोगलगाय एवढे अंतर न्याहारी ते जेवण उरकते. तिला प्रशासकीय मान्यता लागत नाही, एवढाच काय तो फरक.

तुमची धाकटी बहीण, समृद्धी महामार्गाची फाइल, बघा. २०१५ ला घोषणा, ७०१ किलोमीटर, ५५ हजार कोटींच्या वर खर्च, आणि १० वर्षांत काम फत्ते! शेवटचा टप्पा खुला झाला ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी. विनोद मुद्दाम केला असता तर इतका जमला नसता. आता विजेच्या मोटारीला तिथे टोलही माफ. ज्याच्या दारात मोटार तो पर्यावरणप्रेमी. एसटीच्या दांडीला लोंबकळणारा नुसताच गरीब. लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती हलके फिरते, तेवढाच कापूस, तेवढीच माणसे न्यायला किती कमी इंधन लागते, हे शाळकरी पोरगंही सांगेल. पण रेल्वेसाठी पैसा मागितला की तो ‘बोजा’, रस्त्याला दिला की ‘विकास’. हरित अर्थव्यवस्थेच्या इतक्या भाषणांनंतर आमच्या वाट्याला आली ती डेमू, म्हणजे डिझेलवर चालणारी. तरीही लोक इंजिनाला हळद-कुंकू लावायला धावले. एवढ्या उपाशी माणसाला शिळे-ताजे कुठे कळते?

आता बीड ते परळी सुमारे ९५ किलोमीटर उरलेत. तुमच्या चालीने १७ वर्षे. बाई, एकदाच विनंती करतो: उरलेला सगळा पैसा एकरकमी मंजूर करून घ्या, सह्या घ्या आणि कपाटात जाऊन निवांत पडा. धूळ झटकायला आम्ही येणार नाही.

आपला,
तिकीट खिडकी काल पहिल्यांदा पाहिलेला
एक बीडकर