साचेबुवा

साचेबुवा एखाद्या बंगल्यात शिरले की यजमानाआधी बागेतल्या हंसाला भेटतात. त्याच्या मानेखाली बोट घालतात, पंखामागची खोबण चाचपतात, पोटाखाली डोकावतात आणि गुडघे झटकत उठून म्हणतात, “अंडरकट फार आहेत!” त्यांच्या लेखी हा गौरव. यजमानाला वाटतं, हंसाला काहीतरी आजार निघाला.

अंडरकट म्हणजे काय, हे आमच्या सोसायटीत न विचारताच कळतं. मूर्तीला जिथे आत वळण असतं, म्हणजे बेडकाची हनुवटी, सिंहाची आयाळ, परीची काख, तिथे कडक साचा अडकतो. लोखंडाचा किंवा फायबरचा साचा वापरायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात आणि तुकड्यांच्या सांध्याची रेघ मालावर उमटते. हायवेच्या कडेला कुंड्यांसोबत विकायला ठेवलेले सिमेंटचे सिंह नीट बघा, कित्येकांच्या नाकापासून शेपटीपर्यंत शिवण गेलेली दिसेल. रबराचा साचा मात्र मोजा उलटा काढावा तसा सोलून निघतो. बुवांना हे निवृत्तीनंतर कळलं. काहींना याच वयात ज्ञानेश्वरी कळू लागते.

सुरुवात लॅटेक्सने झाली. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, आणि तो साकळू नये म्हणून त्यात अमोनिया. बेडकाच्या मूर्तीवर ब्रशने एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. असे दहा-पंधरा हात, मधेमधे गॉजच्या पट्ट्या. वासाने वरच्या मजल्यावरच्यांनी प्लंबर बोलावला. काकूंनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. बुवा तेव्हा बाल्कनीतच होते.

पुढे सिलिकॉन आलं. त्यात हार्डनर शेकड्याच्या हिशोबाने मोजून घालावा लागतो, त्यामुळे काकूंचा केकचा वजनकाटा कायमचा गेला. बुडबुडे राहू नयेत म्हणून बुवा ते मिश्रण उंचावरून, अगदी बारीक धारेने ओततात. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. सत्यनारायणाच्या पूजेत मोबाइलवर तावातावाने बोलणारे बुवा धार धरली की मौनात जातात.

सिलिकॉन फार प्रामाणिक असतं, त्याला दडवादडवी जमत नाही. नर्सरीतून आणलेल्या मूळ बेडकाच्या बुडाला किमतीचं स्टिकर राहून गेलं होतं. ते साच्यात उतरलं, आणि आता सोसायटीतल्या प्रत्येक बेडकाच्या बुडाखाली तो चौकोन आहे, दुमडलेल्या कोपऱ्यासकट. बुवा पाहुण्यांना बेडूक दाखवत नाहीत. तो उलटा करून कोपरा दाखवतात. या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतः एकही बेडूक घडवलेला नाही, असं सोसायटीतले कलाप्रेमी कुजबुजतात. खरंच आहे ते. पण उचललेला माल स्टिकरसकट मिरवणारे कलावंत मी तरी फार पाहिलेले नाहीत.

रबर लवचीक, म्हणून त्याला बाहेरून प्लास्टर आणि काथ्याचं कडक जॅकेट लागतं, दोन भागांचं. एकदा घाईत बुवांनी जॅकेटशिवायच काँक्रीट ओतलं. ओल्या मालाच्या वजनाने रबर फुगलं आणि गोष्टीतल्या बैलाएवढा व्हायला निघालेला तो ऐतिहासिक बेडूक प्रत्यक्षात बाहेर आला. टाकून देणं बुवांच्या स्वभावात नाही. त्यांनी तो सेक्रेटरींना वाढदिवसाला दिला. सेक्रेटरींनी त्याच्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि तेव्हापासून बुवांच्या मेन्टेनन्सच्या पावत्या उशिरा येतात.

पाण्यावरून झालेलं भांडण वेगळं. बेडूक चोवीस तासांनी साच्यातून काढला की निदान सात दिवस तो ओला ठेवायला हवा. “सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं,” हे बुवा सांगतात आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. फक्त सोसायटीत पाणी दिवसाआड येत असताना हे जिन्यात उभं राहून सांगू नये. ड्रममध्ये गळ्यापर्यंत बुडालेल्या त्या बारा बेडकांकडे लोक कसल्या नजरेने बघायचे!

अलिबागला जाताना पेणला गाडी थांबवायची, हा आता कुटुंबाचा नियम झाला आहे. बाकीचे लोक तिथे गणपती बघतात, बुवा रबराचे साचे बघतात. एका कारखान्यात त्यांनी मूर्तिकाराला अंडरकट समजावून सांगायला घेतला. सोंड, चार हात, कान, मोदकाखालची बोटं. मूर्तिकाराचं सगळं घर याच धंद्यात. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, तोवर एक गणपती सोलून बाजूला ठेवला आणि विचारलं, “काका, बुकिंग करायचंय का?”

परवा बुवांच्या दाढेला कॅप बसवायची होती. डॉक्टरांनी माप घ्यायला तोंडात मसाला भरला आणि बुवांना तो जिभेवरच ओळखू आला: सिलिकॉन! तोंड भरलेलं असताना ते हार्डनरचं प्रमाण विचारू लागले. डॉक्टरांना वाटलं, श्वास कोंडतोय. मसाला काढला, बुवांनी प्रश्न विचारला, पुन्हा पहिल्यापासून माप घ्यावं लागलं. काम झाल्यावर जबड्याचा प्लास्टरचा नमुना ते मागून घेऊन आले.

त्याचे आतापर्यंत काँक्रीटचे दोन जबडे निघाले आहेत. एक डॉक्टरांना भेट दिला. त्यांनी तो कौतुकाने वेटिंग रूममध्ये मांडला आणि दोन पेशंट उठून गेल्यावर आत नेला. दुसरा काकूंनी वाऱ्याने आपटणाऱ्या बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावला आहे. त्या म्हणतात, “हे तोंड तरी उलट बोलत नाही.”