शेठ, ऑइल कुठलं टाकायचं?

कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर किंवा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रकच्या केबिनमध्ये चढावं. समोरच्या खणात आरसी, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, अर्धी संपलेली उदबत्तीची पुडी आणि सगळ्यात खाली एक जाडजूड पुस्तक सापडतं. त्यावर हळदकुंकवाचे डाग असतात, कारण गाडीची पूजा झाली तेव्हा त्याचीही झाली. प्लास्टिकचं वेष्टन मात्र शाबूत. इंजिनात कुठलं ऑइल घालायचं, किती लिटर घालायचं आणि किती किलोमीटरनंतर बदलायचं, हे त्यातल्या एका पानावर तक्ता काढून छापलेलं आहे. ट्रकच्या धंद्यात हा प्रश्न रोज विचारला जातो. मिस्त्रीला विचारतात, दुकानदाराला विचारतात, शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारतात, साडूला विचारतात. त्या पानाला कोणी विचारत नाही.

मिस्त्रीचा मान पहिला. तो आधी बॉनेटकडे नुसतं बघतो. मग डिपस्टिक ओढतो, कॉटन वेस्टने पुसतो, परत घालतो, परत ओढतो. टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घेऊन चोळतो आणि साखरेच्या पाकाची तार बघावी तशी बोटं हळूच विलग करतो. वास घेतो. या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे गांभीर्य असतं, ते बघून शेठ आपोआप खिशाला हात लावतो.

"गेलं हे ऑइल, शेठ."

"अरे, दिवाळीला तर टाकलंय!"

"काळं बघा किती पडलंय."

आता काळं पडणं हा डिझेल इंजिनातल्या ऑइलचा गुन्हा नाही, ती त्याची नोकरी आहे. डिझेल जळताना काजळी होते. ती पिस्टनवर, रिंगांच्या खाचांत जाऊन बसू नये म्हणून ऑइलात डिटर्जंट आणि डिस्पर्संट नावाची द्रव्यं मिसळलेली असतात. ती काजळीचे कण सुटे-सुटे धरून ठेवतात आणि ऑइल बदलताना आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातात. 1930च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा चिकटून बसायला लागल्या, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलने अशी द्रव्यं घातलेलं ऑइल तयार केलं. त्याआधीचं ऑइल दिसायला स्वच्छ राहायचं आणि घाण इंजिनात ठेवून जायचं. म्हणजे हजारो किलोमीटर पळूनही डिझेलच्या गाडीतलं ऑइल मधासारखं पिवळं दिसत असेल, तर आनंद मानण्याऐवजी काजळी गेली कुठे याची चौकशी करावी.

मिस्त्रीच्या बोटांची थट्टा करायची नाही. त्या बोटांना ऑइलमध्ये डिझेल उतरलेलं कळतं, धातूचा कीस कळतो, आणि हेड गॅस्केट जाऊन पाणी मिसळलं की ऑइल दुधाळ होतं, ते तर बोट न लावताही दिसतं. पण ऑइलमध्ये आम्ल पचवायची ताकद किती उरली, हे जगातल्या कुठल्याही अंगठ्याला कळलेलं नाही. त्याला टोटल बेस नंबर म्हणतात आणि तो प्रयोगशाळेत मोजावा लागतो.

मिस्त्रीनंतर दुकानदार. "कुठलं देऊ? पंधरा-चाळीस की वीस-चाळीस?" शेठ म्हणतात, "जरा जाडच द्या, उन्हाळा आहे." एवढ्या एका वाक्यात दोन गैरसमज गोडीगुलाबीने नांदत असतात.

ऑइलच्या बादलीवर छापलेल्या 15डब्ल्यू-40 मधला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या मागचा आकडा सांगतो की थंडीत ऑइल किती जड होतं. 15डब्ल्यूची परीक्षा घेतात ती उणे 20 अंशांना, इंजिन फिरवता येईल का म्हणून, आणि उणे 25 अंशांना, पंपाला ते ओढता येईल का म्हणून. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. द्रास-कारगिलला माल नेणाऱ्याने या आकड्याचा घोर लावून घ्यावा, निफाडहून वाशी मार्केटला जाणाऱ्याने कशाला? तरीही पहाटे इंजिन सुरू झाल्यावर ऑइल वरपर्यंत पोचेतो जी सेकंदं जातात, त्यांत 15डब्ल्यू हे 20डब्ल्यूपेक्षा लवकर पोचतं, आणि सगळ्यात जास्त झीज होते ती त्याच सेकंदांत. म्हणून एकाच कंपनीची दोन्ही ऑइलं समोर असतील तर पंधराला पसंती द्यायला हरकत नाही.

उरला चाळीसचा आकडा. तो मोजतात 100 अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापून कामाला लागलेलं असताना ऑइल किती दाट राहतं ते. आता चंद्रपूरला बाहेर 46 असो की महाबळेश्वरला 18, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर आपापलं काम नीट करत असतील तर इंजिनाच्या आतलं तापमान जवळपास तेच राहतं. उन्हाळा शेठला होतो, क्रँकशाफ्टला तेवढा होत नाही. उन्हाळ्यात ऑइल तापत असेल तर दाट ऑइल शोधण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा शोधावा.

पण आकड्यांचा हा खेळ सोपा म्हणावा असा पेच बादलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बसलेला असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ती अक्षरं. एसने सुरू होणारी पेट्रोलच्या गाड्यांची, सीने सुरू होणारी डिझेलची. सीएफ-4 आलं 1990मध्ये, सीएच-4 1998मध्ये, सीआय-4 2002मध्ये, सीजे-4 2006मध्ये आणि सीके-4 2016च्या डिसेंबरात. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितकं ऑइल नव्या इंजिनांसाठीचं. शेवटचा चार हा फोर स्ट्रोकचा, त्याचा लिटराशी किंवा सिलिंडरांशी संबंध नाही. "यात चार लिहिलंय, आपली गाडी सहा सिलिंडरची" असा युक्तिवाद काउंटरवर झालेला आहे, आणि दुकानदाराने त्यावर मान डोलावलेली आहे.

ही अक्षरं 1 एप्रिल 2020पर्यंत बऱ्याच मालकांना वाचावी लागली नाहीत. त्या दिवशी देश प्रदूषण नियमांचा पाचवा टप्पा गाळून बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर गेला आणि ट्रकच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाचा पाहुणा कायमचा राहायला आला. शेजारी युरियाची टाकीही असते. युरियाचं गणित ड्रायव्हरांनी लगेच शिकून घेतलं, कारण तो संपला की गाडीच ओढत नाही. डीपीएफ मात्र अबोल आहे.

त्याचं काम असं: धुरातली काजळी जाळीत अडवायची आणि मधूनमधून ती तापवून जाळून टाकायची, याला रीजन म्हणतात. काजळी जळते. राख जळत नाही. आणि ही राख येते कुठून? इंजिन ऑइलमधून. ऑइलचा थोडा अंश प्रत्येक इंजिन जाळतंच. त्यातल्या डिटर्जंटमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, त्याची राख होते. जुन्या ऑइलात हे डिटर्जंट भरपूर घालत, कारण तेव्हा डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं आणि त्याचं आम्ल मारायला काहीतरी हवं होतं. बीएस-2च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत 500 भाग होती, बीएस-4ला 50, बीएस-6ला 10. आम्ल कमी झालं, तसं डिटर्जंटही कमी चालायला लागलं. सीजे-4 आणि सीके-4 ऑइलमध्ये सल्फेटेड राखेवर 1 टक्क्याची मर्यादा घातली ती याच हिशोबाने.

शेठने काय केलं? नवी चौदाटायरी घेतली, पेढे वाटले, आणि पहिली फुकट सर्व्हिस संपल्यावर जुन्या दहाटायरीसाठी घेतलेली सीआय-4ची उरलेली अर्धी बादली नवीत ओतली. "ऑइल ते ऑइल." इंजिनाने तक्रार केली नाही. तक्रार जाळीत साचत गेली. मग डॅशबोर्डवर दिवा लागला, डीपीएफ वारंवार रीजन मागायला लागला, ड्रायव्हरने दिव्यावर गणपतीचा स्टिकर लावला. शेवटी डीपीएफ साफ करण्याचा खर्च ऐकल्यावर शेठ अर्धी बादली वाचवल्याच्या आठवणीनेच घामाघूम झाले.

उलट बाजू सोपी आहे. सीके-4 ऑइल जुन्या बीएस-3, बीएस-4 गाडीत बिनघोर घालता येतं. ज्याच्या अंगणात दोन्ही तऱ्हेच्या गाड्या उभ्या आहेत, त्याने एकच सीके-4 ठेवावं आणि उरलेल्या बादल्यांचं राजकारण मिटवावं. फक्त एफए-4 असं लिहिलेलं ऑइल दिसलं तर ते जुन्यात घालू नये. ते मुद्दाम पातळ केलेलं, ठरावीक नव्या इंजिनांसाठीचं आहे. शिवाय इंजिन बनवणाऱ्यांचे स्वतःचे शिक्के असतात: कमिन्सचं सीईएस 20086, व्होल्व्होचं व्हीडीएस-4.5, मर्सिडीजचं 228.31. पुस्तकात शिक्क्याचा नंबर दिलेला असेल तर बादलीवर तोच नंबर शोधायचा. कंपनी कुठलीही असो. सर्व्हो भारी की मॅक भारी, कॅस्ट्रॉल की लाल घोडा, यावर ढाब्यावर रात्र काढता येते. इंजिनाला नंबराशी मतलब.

अनेक बादल्यांच्या झाकणाखाली मिस्त्रीसाठी एक कूपन असतं. हल्ली त्याची जागा मोबाइलवर स्कॅन करायच्या चौकोनाने घेतली आहे. मिस्त्रीला ते मिळण्यात गैर काही नाही, उन्हातान्हात गाडीखाली तोच झोपतो. पण "शेठ, या वेळी हेच घ्या, एकदम टॉप आहे" हे वाक्य ऐकताना झाकण कोणाच्या हातात आहे, तेवढं बघून ठेवावं.

ऑइल कधी बदलायचं, हा वेगळाच कलगीतुरा. जुन्या गाड्यांना अठरा-वीस हजार किलोमीटरला बदलायची सवय. काही नव्या मॉडेलांना कंपन्या 80 हजार किंवा त्याहूनही पुढचा आकडा देतात. तो आकडा ऐकून जुना मालक हसतो आणि निम्म्यावरच बदलून टाकतो, झोप लागावी म्हणून. हा आकडा योग्य ऑइल, योग्य फिल्टर आणि सरळ महामार्ग धरून दिलेला असतो. खाणीतून डंपर चालवणाऱ्याने तो आपला समजू नये. मोठ्या ताफ्याचे लोक ऑइलचा नमुना बाटलीत भरून तपासणीला पाठवतात. अहवालात लोखंड वाढलं तर झीज, डिझेल दिसलं तर इंजेक्टर, आणि सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ शिरतेय. पंधरा-वीस लिटर ऑइल उगाच ओतून देण्यापेक्षा ही तपासणी स्वस्त पडते, पण "ऑइलचं रक्त तपासायला पाठवलंय" असं सांगितलं की गॅरेजमध्ये चार दिवस करमणूक होते.

ड्रायव्हरला मात्र या सगळ्यात कोणी विचारत नाही, आणि ऑइलचं आयुष्य निम्मं त्याच्या उजव्या पायाखाली असतं. कसारा घाट चढून आल्या-आल्या ढाब्यावर चावी फिरवून इंजिन बंद केलं की टर्बोची ऑइलधार तुटते. तो तेव्हा मिनिटाला लाखाच्या आसपास फेऱ्या मारत आलेला असतो, तापलेला असतो, आणि बेअरिंगमध्ये राहिलेलं ऑइल तिथेच करपतं. "उस्ताद, बंद करू?" असं क्लीनरने विचारल्यावर "थांब, दोन मिनिटं फिरू दे" म्हणणारा उस्ताद ज्या मालकाला मिळाला, त्याने त्याला दिवाळीला बोनस द्यावा.

बदललेल्या काळ्या ऑइलला आपल्याकडे गिऱ्हाईक कमी नाही. सेंटरिंगच्या प्लेटांना ते फासतात, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, राहिलेलं नाल्यात जातं. कायद्याने तो घातक कचरा आहे आणि नोंदणी असलेल्या पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. 1 एप्रिल 2024पासून ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरही त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी आली आहे.

आणि शेवटी ती बादली. वीस लिटरची, घट्ट झाकणाची, मजबूत कडीची. ड्रायव्हर तिच्यावर नजर ठेवून असतो, कारण महिनाभर रस्त्यावर आंघोळ तिच्यातच व्हायची असते. घरी गेली तर कढीपत्त्याचं झाड लागतं. पण भंगारवाल्याकडे गेली तर ती कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही, कारण नकली ऑइल भरणाऱ्याला ऑइलपेक्षा अस्सल बादलीची टंचाई जास्त असते. म्हणून पक्कं बिल घ्या, सील स्वतःच्या डोळ्यांदेखत तोडा, आणि बादली विकायचीच असेल तर आधी स्टिकर फाडा आणि बुडाला आणि झाकणाला खिळ्याने भोक पाडा. भंगारवाला दोन रुपये कमी देईल. देऊ द्या.