हळदीची फवारणी : पहिलीचं पुस्तक

साहित्य : १५ लिटरचा पाठीवरचा पंप, हिराकस (फेरस सल्फेट), लिंबूसत्त्व, थोडं स्टिकर आणि बांधावर उभा राहून सल्ला देणारा एक शेजारी. शेवटचं साहित्य नांदेडच्या अर्धापूर-मुदखेड पट्ट्यात न मागता मिळतं.

पंपाला इतक्यात हात लावायचा नाही. आधी हळदीत शिरून पानं बघा. पोंग्यातून निघालेलं नवं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघा. ठिपके असतील तर तो करपा; त्याला हिराकस पाजून काही होत नाही. सरीत पाणी तुंबलं असेल तर फवारणी राहू द्या, फावडं घ्या आणि पाण्याला वाट काढून द्या. हा उपाय दुकानात विकत मिळत नाही, म्हणून फारसं कुणी सुचवत नाही. तरीही उमगलं नाही तर पोखर्णीच्या नाहीतर सगरोळीच्या कृषी विज्ञान केंद्रात पान घेऊन जा. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकलात तर अकरा निदानं येतील.

आता कुणी विचारील, एवढ्या काळ्याभोर रानात लोह नाही? भरपूर आहे. पण जमीन चुनखडीची, सामू आठच्या वर. लोह तिथंच अडकून बसतं, मुळांना उचलता येत नाही. पीकविमा मंजूर आणि केवायसी अपुरी, अशातली गत. म्हणून पानावरून द्यायचं.

प्रमाण अर्धा टक्का : पंपाला ७५ ग्रॅम हिराकस. आधी पाण्यात १५ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, बोअरचं पाणी जड असतं. हिराकसाचा खडा हिरवट हवा. तांबूस पडलेला म्हणजे गंजच. मुठीनं मोजू नका. जास्त झालं की पान भाजतं आणि दुकानदार करप्याचं औषध देतो. बाजारातलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण घेणार असाल तर ‘ग्रेड २’ पानांवर, ‘ग्रेड १’ जमिनीतून. हे उलटं करणारे महाभाग आहेत. त्याच पंपात ०:५२:३४ खत ढकलायचा मोह आवरा, स्फुरद आणि लोह एकत्र आले की तळाला साका बसतो आणि नोझल तुंबतं.

हळदीच्या पानावर पाणी ठरत नाही, म्हणून स्टिकर. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. पंप तणनाशकाचा असेल तर शेजाऱ्याचा मागून आणा, सल्ल्याची परतफेड तेवढी होऊ द्या. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारा आणि नव्या पानाचा रंग बघा. जुन्याचा हिशेब धरू नका.

पौष-माघात पानं वाळायला लागली की घाबरायचं नाही, पीक काढणीला आलं. दुकानात त्यावरही एक बाटली आहे.