केकचा तळ पाहणारे काका

वाढदिवसाचा केक टेबलावर आला की पोरंसोरं त्यावरचे चॉकलेटचे तुकडे मोजतात, बायका क्रीमच्या रंगावर बोलतात आणि ज्याचा वाढदिवस असतो तो आपलं नाव नीट लिहिलंय का ते बघतो. काका मात्र गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि केक नि पुठ्ठा यांच्यामधल्या फटीत डोकावतात. मग सरळ होत, हलक्या पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देतात : "उजव्या अंगाला धरलं होतं भांड्यानं. वरून क्रीम थापलंय." सूनबाई डोळे वटारते, कोणीतरी घाईघाईने मेणबत्ती पेटवतं. काकांना मधुमेह आहे, ते केक खात नाहीत. त्यामुळे त्यांचं मत चवीने कधी बिघडत नाही.

नवी मुंबईच्या उलव्यात हे गृहस्थ सोसायटीगणिक एक या प्रमाणात आढळतात. उमेदीची वर्षं बांधकामाच्या साइटवर गेलेली असतात. कोणी सुपरवायझर, कोणी ज्युनियर इंजिनिअर, कोणी नुसताच कंत्राटदाराचा उजवा हात. निवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा नेरूळ-सीवूड्सचे भाव ऐकून त्यांनी खाडी ओलांडली आणि 'विमानतळ होतोय' एवढ्या भांडवलावर टू बीएचके घेतला. खारकोपरपर्यंत लोकल आली ती २०१८च्या नोव्हेंबरात. विमानतळाचं भूमिपूजन त्याच वर्षी फेब्रुवारीत झालं आणि पहिलं प्रवासी विमान उडालं २०२५च्या २५ डिसेंबरला. मधली वर्षं काकांनी बाल्कनीत काढली.

बाल्कनीसमोर दुसरी इमारत चढत होती. (उलव्यात बाल्कनीसमोर दुसरी इमारत चढत नसेल, तर तुमचा पत्ता चुकला आहे.) सेंट्रिंगची पोरं लोखंडी प्लेटांना ब्रशने तेल लावायची आणि काका सहाव्या मजल्यावरून ओरडायचे, "कोपरे राहिले रे!" खालून कोणी वर बघत नसे. शटरिंगला तेल नीट लागलं नाही तर प्लेट निघताना काँक्रीटचे पोपडे घेऊन येते, कडा तुटतात, मग सिमेंटचा घोळ करून लिंपालिंपी. काकांची सगळी हयात ही लिंपालिंपी पकडण्यात गेली होती. ज्ञान होतं, आवाज होता, पण ऐकणारं कोणी उरलं नव्हतं.

अशात २०२० उजाडलं आणि टाळेबंदीत उलव्यातल्या स्वयंपाकघरांत ओटीजी शिरले.

इथल्या कित्येक बायकांनी मूल झाल्यावर मुंबईची नोकरी सोडलेली. जाण्यायेण्यातच दिवस संपायचा. शिक्षण होतं, हिशेब येत होता, यूट्यूब होतं. सहा इंची टिनात अर्धा किलो, आठ इंचीत किलो, एफएसएसएआयची नोंदणी तेव्हा वर्षाला १०० रुपयांत. विंगेला एक होम बेकर झाली, मग मजल्याला एक. बी विंगमधल्या वहिनी त्यांतल्याच. एकदा त्यांनी चॉकलेट स्पंजचा टिन उलटा केला तर अर्धा केक खाली आला आणि अर्ध्याने टिन सोडायला नकार दिला. ही बातमी लिफ्टने काकांपर्यंत पोचली. संध्याकाळी काका दारात हजर.

"पोरी, भांड्याला काय लावलं होतंस?"

"बटर, काका."

"कुठलं?"

"आपलं नेहमीचं. खारं."

"तिथंच मेलो," असं म्हणून काकांनी चपला काढल्या. म्हणजे आता तासाची निश्चिंती.

काकांचं निरूपण असं. अ‍ॅल्युमिनियमचा टिन दिसतो गुळगुळीत, पण त्याच्या अंगावर डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचा असतात. मिश्रण पातळ असतं तोवर त्या खाचांमध्ये शिरतं. आच लागली की अंड्यातली, दुधातली प्रथिनं घट्ट होता होता धातूला धरून बसतात. साखर वितळते आणि गार होताना तिचा डिंक होतो. बिनअंड्याच्या केकमध्ये कंडेन्स्ड मिल्क ओतलेलं, म्हणजे दूधही आटीव आणि साखरही भरपूर. तो तर चिकटायला निमित्तच शोधत असतो. या खाचा आधीच स्निग्धाने बुजवायच्या, एवढाच सगळा खेळ. "आता बटरमध्ये स्निग्ध किती? ८० टक्के. पाणी १६ टक्क्यांपर्यंत. उरलेलं मीठ नि दुधाचा अंश. म्हणजे चिकटू नये म्हणून जे लावलंस, त्यातच चिकटणारा माल! शटरिंग ऑइलात सिमेंट कालवायचं काय?"

"मग तेल लावू?"

"तेल भिंतीवरून ओघळून तळाशी गोळा होतं. तूप लाव. पाणी नाही, दुधाचा अंश नाही आणि थिजलं की लावलं तिथे राहतं. कोपरे! कोपरे विसरायचे नाहीत. वरून मैदा भुरभुरव, टिन उलटा करून ठोक, जास्तीचा झाडून टाक. चॉकलेटचा असेल तर मैद्याऐवजी कोको, नाहीतर काळ्या केकला पांढरे चट्टे दिसतात."

वहिनींनी बेकिंगचा रीतसर कोर्स केला होता. यातलं अक्षर न् अक्षर त्यांना ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाला मध्येच तोडायचं कसं म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "माहीत आहे काका, आज जरा घाई होती."

घाई हा शब्द काकांसमोर काढायचा नसतो.

"कॉलमच्या बाजूच्या प्लेटा १६ ते २४ तासांनी काढतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. आयएस ४५६. तू किती वेळ थांबलीस?"

"काका, केक आहे तो."

"किती वेळ?"

"लगेच काढला. डिलिव्हरी होती."

काकांनी डोळे मिटून घेतले. पंधरा वर्षांपूर्वी घाईने प्लेटा काढणारा कुठलासा मुकादम त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा. मग १० मिनिटांचं महत्त्व आलं. ओव्हनमधून निघालेला केक आतून लेचापेचा असतो. टिन जाळीवर ठेवून १० मिनिटं थांबलं की तो अंग धरतो, कडा आकसून भिंतीपासून सुटते. तासभर विसरलात तर तेही वाईट : वाफेचं तळाशी पाणी होतं, साखर थिजते आणि केक पुन्हा धरून बसतो. तसं झालंच तर टिनाचं बूड मंद गॅसवर काही सेकंद फिरवायचं, तूप पाघळतं, केक सुटतो. फुटलाच तर? वहिनींनी फुटलेल्या केकचे गोळे वळून, चॉकलेटमध्ये बुडवून 'केक पॉप' म्हणून त्याच संध्याकाळी विकलेसुद्धा. काकांच्या भाषेत ही 'मलब्याची विल्हेवाट' आणि तिच्याबद्दल त्यांना फारसा आदर नाही.

संतापाची गोष्ट अशी की काका बरोबर असतात. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर, पार्किंगवर, लिफ्टच्या देखभालीवर ते जे बोलतात त्यातलं निम्मं वाऱ्यावर सोडण्याजोगं असतं; पण तुपाचं बरोबर, मैद्याचं बरोबर, दहा मिनिटांचं तर बरोबरच. त्यामुळे त्यांना टाळता येतं, खोडता येत नाही.

खोडू शकणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती बोलत नाही. काकी मूळच्या रत्नागिरीकडच्या. पावसाळ्यात मोठी, जून काकडी मिळाली की त्या किसून, रवा भाजून, गूळ घालून धोंडस करतात. माहेरी ते खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून व्हायचं; इथे जाड बुडाचं पातेलं आणि झाकणावर तापवलेला तवा. पातेल्याला तूप, तळाला केळीचं पान. धोंडस अलगद ताटात येतं, वर पानाच्या शिरांची नक्षी. काका दरवेळी पातेल्याशी उभे राहून तळ तपासतात आणि दरवेळी त्यांना बोलायला जागा सापडत नाही. पानगी दोन पानांमध्ये भाजणाऱ्या, सांदणाच्या वाट्यांना तुपाचं बोट फिरवणाऱ्या बायकांना कोणी सिद्धांत सांगितला नव्हता. गोव्यात बेबिंकचा एकेक थर तुपाच्या हाताने भाजत नेणाऱ्यांनाही नाही. इराण्यांनी तर कटकटच ठेवली नाही : ग्रँट रोडला १९१४मध्ये सुरू झालेल्या मेरवानचा मावा केक आठवा, कागदासकट भाजलेला आणि कागदासकट हातात. सोलायचं काम गिऱ्हाइकाचं! ही उदाहरणं काकाच सांगतात, पण 'आमच्या क्षेत्राचा इतिहास' अशा थाटात. काकी तोवर पान सोलून धोंडसाच्या वड्या पाडतात.

काकांचा खरा पराभव केला तो शिफॉन केकने.

त्याआधी न्यू जर्सीच्या भाचीने बंट पॅन आणला होता, तो काकांनी पचवला. मध्ये नळी, भोवती खोल खोल पन्हळी. हा आकार अमेरिकेत मिनिआपोलिसच्या नॉर्डिक वेअरने १९५०मध्ये काढला. त्यात कागद बसत नाही. काकांनी मैदा, तेल आणि वनस्पती समभाग घेऊन घोटलं, दाढीच्या नव्या ब्रशने पन्हळीपन्हळीत लावलं आणि बी विंगच्या ओट्यावर केक असा सुटला की वहिनींनी टाळी वाजवली. काका आठवडाभर जिना चढून गेले. लिफ्ट चालू असताना.

शिफॉनच्या वेळी मात्र ते ब्रश घेऊनच आले आणि वहिनी म्हणाल्या, "याला काही लावायचं नाही, काका."

"कागद?"

"भिंतीला कागदपण नाही. कोरडा टिन."

"चिकटेल!"

"चिकटायलाच हवा."

शिफॉनचा फुगवटा मुख्यतः अंड्याच्या पांढऱ्यात फेटलेल्या हवेवर. ते मिश्रण भिंतीला धरून धरून वर चढतं. भिंतीला तूप असेल तर पाय घसरून खाली बसतं. भाजून झाल्यावर टिन उलटा टांगून ठेवतात, म्हणजे गार होईतो केक स्वतःच्या वजनाने दबत नाही, आणि मग कडेने सुरी फिरवून सोडवतात. हे डोकं हॅरी बेकर नावाच्या लॉस एंजेलिसच्या एका विमा एजंटाचं, १९२७चं. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. उलटा टांगलेला टिन त्यांनी खालून पाहिला, बाजूने पाहिला, आणि चपला घालताना म्हणाले, "विमा एजंट! त्याला काय, पडलं तर भरपाई." त्यानंतर बरेच दिवस त्यांनी शिफॉनचं नाव काढलं नाही. कोणी काढलंच तर ते अटल सेतूचा विषय सुरू करतात : तिथे दुचाकीला बंदी, म्हणजे मुंबईच्या ऑर्डरला गाडी काढायची, एका बाजूचा टोल २५० रुपये, आणि केक अर्ध्या किलोचा!

अशा माणसाला कायम पाहुणा ठेवण्यापेक्षा कामाला लावलेलं बरं, हे वहिनींनी ओळखलं. एका सकाळी त्यांनी बटर पेपरचा रोल आणि टिनांची मापं काकांच्या हातात दिली. काकांनी माळ्यावरून कंपासपेटी काढली. दुकानात बटर पेपर म्हणून दोन प्रकार मिळतात, एक सिलिकॉनचा थर असलेला आणि एक साधा तुळतुळीत, ज्याला वरून पुन्हा तूप लागतं. काकांनी दोन्हींचे वेगळे गठ्ठे केले. सहा इंची, सात इंची, आठ इंची गोल. टिनाच्या आतल्या व्यासापेक्षा नखभर लहान, "नाहीतर कडेला सुरकुती पडते आणि सुरकुतीत मिश्रण शिरतं." पेन्सिलीची खूण खालच्या बाजूला. रबर लावून, वर चिठ्ठी. पंधरवड्यात सेक्टरमधल्या सगळ्या बेकरांना काकांचे गोल कागद जाऊ लागले आणि नाताळाच्या आठवड्यात काकी एकट्या सिनेमाला जाऊन आल्या.

पैसे काका घेत नाहीत. अट एकच : केक सुटल्यावर तळाचा कागद परत आणून द्यायचा. तो ते उजेडात धरून बघतात, किती ठिकाणी केक लागून आलाय ते पेनाने गोल करतात, मागे 'तूप', 'बटर', 'घोटलेलं' असं लिहितात आणि दिवाणखान्यातल्या खणात ठेवतात. खणात अर्थातच मुंग्या झाल्या. 'बटर' लिहिलेल्या गठ्ठ्याला आधी लागल्या, याचाही काकांना आनंद झाला. काकींना झाला नाही. त्यांनी अख्खा खण कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. डबा नेणाऱ्याने तो परत आणला, म्हणे कागद सुका कचरा आहे आणि त्याला लागलंय ते ओला, एकात चालणार नाही. वाद वॉचमनकडून सेक्रेटरींकडे आणि तिथून सोसायटीच्या ग्रुपवर गेला. सेक्रेटरींनी काकांचंच मत मागवलं, ही त्यांची चूक. काकांनी नियम करून टाकला : तळ स्वच्छ सुटून आलेला कागद सुक्यात, केक चिकटून आलेला ओल्यात, आणि निवाडा कचऱ्याच्या डब्यापाशी, सकाळी साडेसातला, ते स्वतः करतील.

बी विंगचे कागद तेव्हापासून सुक्यात जातात. सी विंगमध्ये बेकिंग करणाऱ्या ताईंचे त्यांनी सगळ्यांदेखत ओल्यात टाकले. ताई आता काकांशी बोलत नाहीत, आणि टिनासाठी कागद स्वतःच कापतात. चौकोनी.