मी तोतया नव्हे

माझ्या अंगच्या अनेक सद्गुणांपैकी जो एक मी चारचौघांत आवर्जून, आणि घरच्या मंडळींच्या मते वारंवार, बोलून दाखवतो तो असा की, माझ्या संगणकाची कार्यप्रणाली मी रोख पैसे मोजून विकत घेतलेली आहे. आमच्या मित्रमंडळात हा पराक्रम दुसऱ्या कोणाच्याही नावावर नाही. इतरांच्या संगणकांत ती कशी शिरली हे त्यांनाही धड सांगता येत नाही. कोणाला ती भाच्याने घालून दिली, कोणाला दुकानदाराने चहाच्या पैशांत ‘टाकून’ दिली, आणि एकाच्या बाबतीत तर ती स्वयंभूच असावी. असे असता, ज्या दिवशी माझ्याच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खालच्या अंगाला, फिकट राखी अक्षरांत ‘प्रणाली सक्रिय करा’ अशा अर्थाची इंग्रजी ताकीद उमटली, त्या दिवशी घरच्याच कार्यात पहिल्या पाटावर बसलेल्या यजमानाला वाढप्याने ‘आपण कोणाकडचे?’ असे विचारावे, तशी माझी अवस्था झाली.

निमित्त क्षुल्लक होते. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज चारदा गेली आणि तीनदाच आली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या मुलाने संगणकाचे झाकण उघडले, आत एकदा हुंगून पाहिले आणि नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने ‘काका, मदरबोर्ड उडाला,’ असे निदान केले. नवा बोर्ड बसला. डिस्क जुनीच होती, तीवरचा माझा अर्धवट दिवाळी-लेख, त्यातील अशुद्धांसकट, जागच्या जागी होता. देह बदलला तरी आत्मा तोच, हे ज्या देशात शेंबडे पोरही मान्य करते तेथे एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. परंतु कंपनीचे तत्त्वज्ञान नेमके उलटे आहे. प्रणाली प्रथम सक्रिय होते तेव्हाच ती यंत्राच्या अवयवांची मोजदाद करून त्यांची एक सांकेतिक मुद्रा कंपनीच्या दफ्तरी दाखल करते. पुढे तुम्ही एखादी रॅम वाढवलीत, डिस्क बदललीत, तर ती बहुधा काणाडोळा करते. पण बोर्ड बदलला की जुने यंत्र मेले आणि हे कोणी दुसरेच आले, असा तिचा निवाडा असतो. यंत्राबरोबर मिळालेला परवाना तर मूळ बोर्डाबरोबर सहगमनच करतो. माझा परवाना पेटीतून स्वतंत्रपणे घेतलेला, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येण्याजोगा होता, ही माझ्या अहंकाराची दुसरी बैठक.

ती पेटी माळ्यावर, आकाशकंदिलाच्या सांगाड्याखाली सापडली. तीत २५ अक्षरांची किल्ली होती, पाच-पाचांच्या पाच गटांत मांडलेली. आणि चष्मा पुसून पाहतो तो तीत एकही स्वर नाही. सगळी व्यंजने आणि अंक. स्वराच्या आधारावाचून व्यंजनाचा उच्चार पूर्ण होत नाही, असे आपले वैयाकरण सांगून गेले. ही किल्ली मोठ्याने वाचू लागलो तेव्हा ‘घशात काही अडकलंय का?’ असे आतून विचारले गेले. एवढे करून ती कुलपाला लागलीच नाही. बोर्ड बदलणाऱ्यांसाठी ‘मी नुकताच यंत्राचा भाग बदलला आहे’ असे कबूल करण्याची एक सोय आहे, पण ती उपयोगी पडावी यासाठी परवाना अगोदरच आपल्या खात्याशी जोडून ठेवावा लागतो, आणि ‘आपले सारे कागदोपत्री चोख असताना दुसऱ्याच्या वहीत नाव कशाला?’ या बाण्याने मी ते केले नव्हते. राहता राहिला दूरध्वनी.

येथे मला सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण झाली, आणि ज्यांना घाई असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद खुशाल वगळावेत. १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेब पडले, तरी त्यांच्या मृत्यूविषयीचा किंतु लोकांच्या मनातून जाईना. पार्वतीबाईंनी तर वैधव्य पत्करलेच नाही. अशा हवेत एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून प्रकट झाला. तो पकडला गेला, त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरून कैदेत पडला. गोष्ट येथे संपावयाची. परंतु १७७६ साली हाच गृहस्थ रत्नागिरीहून उठला आणि कोकणात त्याने असे बंड माजवले की किल्ल्यामागून किल्ले त्याच्या हाती गेले, नाना फडणीसांसारख्या मुरब्बी कारभाऱ्याची झोप उडाली, आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शासन देऊनच प्रकरणावर पडदा टाकावा लागला. पडदा तरी कसला? न. चिं. केळकरांनी १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ लिहून तो पुन्हा वर केला.

मला नवल वाटते ते त्या किल्लेदारांचे. पंधरा वर्षांपूर्वी रणात नाहीसा झालेला पुरुष दाराशी उभा राहतो आणि हे दरवाजे उघडतात! सनद पाहिली नाही, मोर्तब तपासले नाही, पंचवीस अक्षरे विचारली नाहीत. याचे कारण, मला वाटते, त्यांचा भोळेपणा नव्हे. भाऊसाहेब परत यावेत असे लोकांना मनापासून वाटत होते. तोतयाचे सारे भांडवल त्याच्या चेहऱ्यात नसून समोरच्याच्या इच्छेत असते. माझी पंचाईत याच्या नेमकी उलट. मी खरा, माझी पावती खरी, आणि मी मीच असावे अशी इच्छा बाळगणारे त्या कंपनीत कोणी नाही. खोट्याला केवळ सारखे दिसून भागते. सिद्ध करून दाखवण्याची शिक्षा असते ती खऱ्याला. स्वयंभू प्रणालीवाल्या माझ्या स्नेह्याच्या संगणकात आजवर दोनदा बोर्ड बदलला. त्याच्या कोपऱ्यात अवाक्षर उमटलेले नाही.

असो. दूरध्वनीवरच्या यांत्रिक बाईंनी पडद्यावरचा स्थापनाक्रमांक मागितला. तो ६३ अंकांचा, सात-सातांचे नऊ गट. छत्तीसच्या आकड्यात ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात, त्रेसष्टात ती दोघे समोरासमोर येतात, तेव्हा हा शकुन समेटाचा समजून मी मोठ्या उमेदीने अंक दाबले. मग प्रश्न आला : ही प्रत किती संगणकांवर बसवली आहे? येथे माझ्या सचोटीने घात केला. एक जुन्या बोर्डाचा, जो मेला; एक नव्या बोर्डाचा, जो समोर आहे; म्हणजे तपशिलाने पाहता दोन. मी २ दाबले. बाईंनी अत्यंत सभ्य शब्दांत मला चोर ठरवून संभाषण आटोपले. खरे उत्तर ‘एक’ असते, कारण प्रश्न इतिहासाचा नसून वर्तमानाचा आहे, हे दुरुस्तीवाल्या मुलाने मला नंतर समजावले. ‘काका, तुम्ही जास्तच खरं बोलता,’ असेही तो म्हणाला. हे त्याने कौतुकाने म्हटले असावे, असे मी धरून चाललो आहे.

दुसऱ्या खेपेला एक जिवंत तरुणी लाभली. मी माझी कैफियत आरंभापासून मांडली. वीज, बोर्ड, पेटी, माळा. आणि आपली ओळख पटायला मदत व्हावी म्हणून मी लेखक असल्याचे, दिवाळी अंकांतून गेली अनेक वर्षे लिहीत असल्याचेही सूचित केले. क्षणभर शांतता पसरली. ती नावे आठवत असावी असा माझा ग्रह झाला. ‘सर,’ ती म्हणाली, ‘पहिल्या गटाचे सात अंक सांगता?’

त्या क्षणी मला हसू यायला हवे होते. आठवला तो गेल्या नोव्हेंबरातला बँकेचा काउंटर. आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते, आणि ते घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावरही देता येतो. आईने अंगठा काचेवर ठेवला, जुळला नाही. तर्जनी ठेवली, जुळली नाही. मी तिची बोटे माझ्या रुमालाने पुसली, कर्मचाऱ्याने ओलसर फडक्याने पुसली, एकेक करून दहाही बोटांची हजेरी झाली. साठ वर्षे ज्या हातांनी राखेने भांडी घासली त्यांच्यावर रेषा उरायच्या कशा? मागे रांग वाढत होती. आई कोणावर रागावली नाही. आपलेच काही चुकले असे समजून दर वेळी अंगठा थोडा अधिक जोराने दाबीत राहिली. अखेर पलीकडच्या खिडकीतले एक वयस्क कारकून उठून आले, ‘यांना मी ओळखतो, आजींना बसू द्या,’ म्हणाले, कागदी नमुना काढला, आईची सही घेतली आणि खाली आपली ठोकली. आई दहा बोटांनी जी हयात ठरली नाही, ती एका माणसाच्या शब्दाने ठरली.

माझ्या पक्षी मात्र असा कारकून नव्हता. होते ते ४८ अंक, सहा-सहांचे आठ गट, जे त्या तरुणीने शांतपणे सांगितले आणि मी थरथरत्या हाताने भरले. कोपऱ्यातली अक्षरे नाहीशी झाली. आता मी पुन्हा मालक आहे, आणि पडद्याचा तो कोपरा मी दिवसातून अनेकदा उगाच तपासून पाहतो.

विजयाच्या त्या भरात मी स्वतःलाच एक कोल्हापुरी जोड बक्षीस दिला. आईचे डोळे आता मंदावले आहेत. घंटा वाजण्याआधीच, जिन्यातल्या पायरवावरून ती माणूस ओळखते आणि कडी काढते. त्या दिवशी नव्या वहाणा करकरत मी दाराशी पोचलो, तरी कडी वाजली नाही.

‘कोण आहे?’ आतून संशयाने विचारणा झाली.

‘मीच,’ मी म्हणालो.

कडी निघाली. ‘मग एवढा वाजतोस कशाला?’ आई म्हणाली.