लॉबीतल्या झाडाला उजेडात आणू नका

नाताळच्या आठवड्यात मुंबई-गोव्याच्या मोठ्या हॉटेलात कॉफी प्यायला गेलेला माणूस कॉफी नंतर पितो, आधी लॉबीतल्या झाडाचा फोटो काढतो. तो फोटो बिघडतो आणि खापर अंधारावर फुटते. प्रस्तुत मार्गदर्शनाचे प्रतिपादन असे की अंधार निर्दोष आहे. फोटो बिघडतो तो छायाचित्रकाराच्या परोपकारी स्वभावामुळे. बिचाऱ्या झाडाला उजेड कमी पडतोय असे वाटून तो फ्लॅश मारतो. वास्तविक ते झाडच दिवा आहे. 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे 80 विजेचे दिवे लावले, तेव्हापासून ही गोष्ट उघड आहे. सूर्यापुढे काजवा धरू नये हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. काजव्यांपुढे सूर्य धरू नये, हे मात्र कुणी शिकवत नाही. जूनच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलेली मंडळी झाडावर बॅटरी मारतात का? (मारणारेही असतात. त्यांना झाड दिसते.)

आता फ्लॅशविरुद्धचा पुरावा. अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाईवर येतो, तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर. म्हणजे पुढची एक फांदी पिठात बुडवल्यासारखी पांढरी, मागचा जिना गायब आणि माळेतले दिवे असून नसल्यासारखे. झाडावरच्या चकचकीत लाल गोळ्यात तर अख्खी लॉबी मावते: वाकलेले झुंबर, बोटाएवढा दरवान आणि मधोमध फोन उगारलेले आपण, तोंडाच्या जागी पांढरा ठिपका. तेव्हा फ्लॅश बंद करा आणि फोन कशाला तरी टेकवा. ट्रायपॉड उघडला की सुरक्षारक्षक अत्यंत सौजन्याने चालत येतो. सोफ्याच्या पाठीवर टेकवलेल्या फोनकडे तो ढुंकूनही बघत नाही. नाइट मोड लावा आणि 2 सेकंदांचा टायमर ठेवा, कारण बटण दाबणाऱ्या बोटानेही फोन हलतो. कॅमेरावाल्यांनी आयएसओ 400 आणि शटर अर्धा सेकंद, इथून सुरुवात करावी. मग पडद्यावर झाडाच्या दिव्यांवर बोट ठेवून उजेड खाली ओढा. फोनला अंधार ही स्वतःची चूक वाटते आणि ती निस्तरताना तो लॉबीचे मंगल कार्यालय करून ठेवतो.

काही सुज्ञ म्हणतील, शटरचा वेग वाढवला की हलण्याचा प्रश्नच मिटला. मिटेल, दिवेही मिटतील. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. तिच्यावर चालणाऱ्या स्वस्त एलईडी माळा सेकंदाला 50 किंवा 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, 1/1000 सेकंदाच्या शटरला कळते. खरा वजनदार आक्षेप घरच्यांचा असतो: आमचे चेहरे काळे येतात. येतात, कारण मंडळी झाडाकडे पाठ करून, लग्नाच्या स्टेजवर उभी राहावीत तशी ओळीने उभी राहतात. झाड हा दिवा मानला की उत्तर आपोआप मिळते. दिव्याकडे तोंड करायचे. आजीला फांदीपासून हातभर अंतरावर, कडेला, झाडाकडे बघत उभे करा. गालावर पिवळसर उजेड येईल. तो पिवळेपणा सुधारायला जाऊ नका. व्हाइट बॅलन्सने निळा केलेला नाताळ दवाखान्यात साजरा झाल्यासारखा दिसतो. लहान मूल अर्धा सेकंद स्थिर राहील, या गृहीतकाला मात्र कोणताही पुरावा नाही. त्याचा फोटो दुपारी, बाहेर, उन्हात काढावा.

उरला तो उपाय, जो पुष्कळांना सगळ्यांत आधी सुचतो: रिसेप्शनवर जाऊन "जरा मोठे दिवे लावता का?" असे विचारणे. हॉटेलवाल्यांनी तो अंधार चांगले पैसे मोजून करवून घेतलेला असतो. विचारू नका.