काटकसरीच्या महामेरूस अनावृत पत्र

रा. रा. टॉड अँड्रूजसाहेब,
माजी अध्यक्ष, सीआयई (आयर्लंडची सरकारी वाहतूक कंपनी), डब्लिन
हल्ली मुक्काम : परलोक

सा. न. वि. वि.

आपण १९८५ साली वर गेलात. तिथपर्यंत रेल्वे जात नसावी असा माझा कयास आहे. जात असती, तर ती तोट्यात असल्याचं आपल्याला वाटेतच आढळलं असतं आणि पुढच्यांना बसने यावं लागलं असतं.

पत्राचं कारण आभारप्रदर्शन. डब्लिनच्या दक्षिण भागातून रोज लुआस या ट्रामच्या ग्रीन लाईनने कामावर जाणाऱ्या हजारो लोकांपैकी मी एक. दाराशी उभं राहून, कुणाची तरी पाठपिशवी नाकाला लावून प्रवास करताना मनात कृतज्ञता दाटून येते. ही ट्राम ज्या वाटेने धावते, त्या वाटेवर आपल्या आधी चांगली धडधाकट रेल्वे होती आणि ती बंद करण्याचा मान आपल्याकडे जातो. अशा माणसाला साधं पत्रही कुणी लिहू नये, हे बरं दिसत नाही.

आपली कारकीर्द थोर. स्वातंत्र्ययुद्धात आपण ब्रिटिशांशी लढलात, पुढे यादवी युद्धात ब्रिटिशांशी झालेल्या तहाच्या विरोधात उभे राहिलात, तुरुंग पाहिलात. त्यानंतर दलदलीतून पीट नावाचं जळण खणून काढणारी सरकारी कंपनी नावारूपाला आणलीत. जमिनीखालचं वर काढण्याचा हा अनुभव पुढे रूळ उखडताना कामी आला असणार. १९५८ साली उद्योगमंत्री शॉन लेमास यांनी आपल्याला सीआयईच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच वर्षीच्या कायद्याने आपल्या हाती कात्री दिली. कंपनीने १९६४ पर्यंत जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी आणि त्यासाठी नको ते मार्ग स्वतःच्या अखत्यारीत बंद करावेत, असा तो कायदा. म्हणजे पूर्वी मार्ग बंद करायला न्यायाधिकरणाची दारं ठोठावावी लागत, ती कटकट संपली.

एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब. आपण मात्र सहा महिनेही घेतले नाहीत. खुर्ची गरम होते न होते तोच, ३१ डिसेंबर १९५८ रोजी, डब्लिनच्या हार्कोर्ट स्ट्रीटपासून ब्रे गावापर्यंतच्या, म्हणजे आमच्या ट्रामच्याच वाटेवरच्या, मार्गावर शेवटची गाडी धावली. डब्लिनने नव्या वर्षाचं स्वागत एका रेल्वेमार्गाने हलकं होऊन केलं. या तत्परतेला माझा दंडवत.

हा मार्ग काही कालपरवाचा नव्हता. तो १८५४ मध्ये सुरू झाला आणि हार्कोर्ट स्ट्रीटचं देखणं स्टेशन १८५९ चं. रॅनला, मिलटाउन, डंड्रम, स्टिलऑर्गन, फॉक्सरॉक, कॅरिकमाइन्स अशी एकेक गावं ओवत तो सुमारे वीस किलोमीटर जात असे. त्याची चिवटाई पाहा. १४ फेब्रुवारी १९०० रोजी गुरांनी भरलेली एक मालगाडी हार्कोर्ट स्ट्रीटला थांबलीच नाही. इंजिन भिंत फोडून बाहेर आलं आणि खालच्या हॅच स्ट्रीटच्या डोक्यावर लटकत राहिलं. कुणी मेलं नाही, चालकाचा हात तेवढा गेला. भिंत बुजवली आणि गाड्या पुन्हा सुरू झाल्या. जे काम सुसाट इंजिनाला जमलं नाही, ते आपल्या जमाखर्चाच्या वहीने केलं.

फॉक्सरॉकचे सुपुत्र, नाटककार सॅम्युअल बेकेट यांचं ‘ऑल दॅट फॉल’ हे नभोनाट्य १९५७ मध्ये बीबीसीवरून प्रसारित झालं. त्यातलं स्टेशन त्यांच्या लहानपणच्या फॉक्सरॉक स्टेशनवर बेतलेलं मानतात. नाटकात एक वयस्क बाई नवऱ्याला आणायला स्टेशनवर जाते आणि गाडी उशिरा येते. उशीर हा तेव्हा नाटकाचा विषय होऊ शकत होता. दोन वर्षांच्या आत आपण गाडीच काढून घेतलीत आणि उशिराचा प्रश्न मुळातून सोडवलात.

आपल्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर पत्र एकांगी होईल. मार्ग तोट्यात होता, हे खरं. कायद्याची तलवार डोक्यावर होती, हेही खरं. डंड्रम तेव्हा जवळपास खेडंच होतं, लोक मोटारी घेऊ लागले होते आणि रस्ते रिकामे होते. शिवाय ब्रेला जायला समुद्रकाठचा दुसरा रेल्वेमार्ग होता. दोन समांतर मार्ग कशाला, असं आपल्या जागी कुणालाही वाटलं असतं. गाड्या थांबवल्या एवढ्यापुरतं मी आपल्याला माफही केलं असतं.

पण आपण अर्धवट काम करणाऱ्यांतले नव्हतात. गाड्या थांबवून आपली कंपनी थांबली नाही. रूळ उखडले गेले, मालमत्तेची विक्री झाली, डंड्रमचा रस्त्यावरचा रेल्वेपूलही पुढे नाहीसा झाला. उद्या कुणा वेड्याच्या मनात गाडी पुन्हा सुरू करायचं आलंच, तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागेल अशी चोख व्यवस्था झाली. हार्कोर्ट स्ट्रीट ही नुसती सलामी होती. १९५९ मध्ये होथ टेकडीवरची ट्राम गेली. ती देशातल्या जुन्या ट्रामपैकी शेवटची, कारण डब्लिनच्या बाकीच्या ट्राम आपण येण्याआधीच, १९४९ मध्ये, संपवल्या गेल्या होत्या. मग ट्रामोर, वेस्ट क्लेअर, वेस्ट कॉर्क हे मार्ग १९६१ उजाडून मार्च सरेपर्यंत आपल्या कात्रीखालून गेले. ज्या देशात पहिली रेल्वे १८३४ मध्ये, म्हणजे आमच्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या एकोणीस वर्षं आधी, डब्लिनहून निघाली, तिथे हे करून दाखवायला छाती लागते.

पुढे काय झालं तेही कळवतो, आपल्याला तिथे वर्तमानपत्र मिळत नसेल. रेल्वे गेली आणि नेमकी त्यानंतर वस्ती आली. डंड्रम, स्टिलऑर्गन, सँडिफर्डच्या माळांवर घरं, कचेऱ्या, बाजार उभे राहिले. घरोघरी एक मोटार आली, मग दुसरी आली आणि आपल्या काळचे रिकामे रस्ते सकाळ-संध्याकाळ वाहनतळ होऊन गेले. १९७५ च्या एका अभ्यासाने शहराला जलद रेल्वेचं जाळं आणि भुयारी मार्ग सुचवला. त्यातला समुद्रकाठचा तेवढा तुकडा १९८४ मध्ये डार्ट नावाने धावू लागला. म्हणजे ज्या मार्गाच्या भरवशावर आपण दुसरा मोडलात, तो पुढे एकट्यावर भार घेऊन उभा राहिला.

आणि मग ३० जून २००४ रोजी वरातीमागून घोडं आलं. सेंट स्टीफन्स ग्रीन ते सँडिफर्ड अशी लुआसची ग्रीन लाईन सुरू झाली, मोठ्या अंतरापर्यंत आपल्याच मोडीत काढलेल्या मार्गावरून. मिलटाउनची नऊ कमानींची दगडी पूलवाट आपल्या हातून कशी कोण जाणे निसटली होती, तिच्यावरून आता ट्राम जाते. डंड्रमला मात्र तारांनी तोललेला नवाकोरा पूल बांधावा लागला. त्याला विल्यम डार्गन यांचं नाव दिलं आहे, ज्यांनी आयर्लंडची पहिली रेल्वे बांधली. बांधणाऱ्याचा गौरव झाला, पण पूल दुसऱ्यांदा बांधायचा योग जुळवून आणणाऱ्याची साधी पाटीही तिथे नाही. हा सरळ अन्याय आहे.

ग्रीन आणि रेड हे पहिले दोन लुआस मार्ग मिळून सुमारे ७७ कोटी युरो लागले. आपल्या वहीत १९५८ ची बचत पौंडांत लिहिली आहे, तिच्या शेजारी हा आकडा मांडून पाहावा. गंमत म्हणजे तोट्यात होता म्हणून बंद केलेल्या या वाटेवरच्या ट्रामला पहिली काही वर्षं रोजच्या खर्चासाठी सरकारी अनुदान लागलं नाही. गर्दी इतकी वाढली, की पुढे ५५ मीटर लांबीच्या ट्राम आणाव्या लागल्या. मार्ग वाईट नव्हता, साहेब. त्याचे प्रवासी तेवढे जन्माला यायचे होते.

आपण शिष्य मात्र छान घडवलेत. कात्री त्यांनी ठेवून दिली आणि नवं हत्यार घेतलं, पुढे ढकलण्याचं. २००४ मध्ये लुआसचे दोन मार्ग काढले, पण ते एकमेकांना जोडलेच नाहीत. मधलं साधारण किलोमीटरभर अंतर प्रवाशांनी पावसात चालत काढायचं. ही दरी बुजायला डिसेंबर २०१७ उजाडला. विमानतळाची कथा त्याहून सुरस आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये जाहीर झालं, की विमानतळावरून जाणारी मेट्रो नॉर्थ २०१२ मध्ये धावेल. २०१० मध्ये तिला मंजुरीही मिळाली. नोव्हेंबर २०११ मध्ये सरकारने ती पुढे ढकलली, सोबत शहराच्या पोटातून जाणारा डार्टचा भुयारी मार्गही.

इथे आम्हा मराठी माणसांची मान जरा जास्तच ताठ होते, कारण तेव्हाचे वाहतूकमंत्री होते लिओ वराडकर. वडिलांकडून ते थेट मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा सिंधुदुर्गापासून मुंबईपर्यंत पेढे वाटावेत असं वातावरण होतं. तिजोरीत तेव्हा खडखडाट होता, नाणेनिधी आणि युरोपचे सावकार दारात बसले होते, हे मान्य. तरी मार्ग पुढे ढकलायचा आणि आपणच पंतप्रधान असताना, २०१८ मध्ये, तो मेट्रोलिंक या नावाने नव्याने जाहीर करायचा, ही हातोटी मालवणी दशावतारात शोभावी अशी. त्या घोषणेतलं साल होतं २०२७. प्रत्यक्षात मंजुरीच मिळाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. दरम्यान वर्षाला तीन कोटींहून अधिक लोक ज्या विमानतळावरून ये-जा करतात, तिथे आजही रेल्वेचा एक रूळ पोहोचलेला नाही.

आता आपल्याला खास आवडेल अशी बातमी. मेट्रोलिंकच्या २०१८ च्या आराखड्यात ग्रीन लाईनचंच मेट्रोत रूपांतर करून गाडी सँडिफर्डपर्यंत न्यायची होती. त्यासाठी ट्राम काही काळ बंद ठेवावी लागेल असं कळताच दक्षिण डब्लिनमध्ये कल्ला उठला. काहींना आपल्या भागातल्या रस्त्याची वाट अडेल याचीही चिंता होती. २०१९ मध्ये सरकारने तो भाग मुकाट्याने बाजूला ठेवला. जो मार्ग आपण साडेपंचेचाळीस वर्षं बंद ठेवून दाखवलात, तो आज थोड्या दिवसांसाठीही कुणी बंद करू देत नाही. तेव्हा १८.८ किलोमीटर लांबीची आणि १६ स्थानकांची ही मेट्रो उत्तरेकडच्या स्वॉर्ड्सहून विमानतळ घेत येईल आणि शार्लमाँटला थांबेल. शार्लमाँटची लुआसची फलाटं कुठे आहेत, आठवतं? कालव्यालगत, आपल्या हार्कोर्ट स्ट्रीट मार्गाच्या भरावावर.

आता मुद्द्याचं. गाड्या थांबूनही वाट राखल्याचं उलटं उदाहरण शहरातच आहे, फिनिक्स पार्कखालचा बोगदा. तो १८७७ चा. कित्येक दशकं त्यातून नियमित प्रवासी गाडी जात नव्हती, पण रिकामे डबे आणि मालगाड्या अधूनमधून जात राहिल्या, म्हणून रूळ जागेवर राहिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये किलडेअरकडच्या गाड्या त्यातून सुरू करायच्या ठरल्या तेव्हा ना नवे पूल लागले, ना नवी जमीन. दुसरीकडे ब्रॉडस्टोन. ते स्टेशन १९३७ मध्ये बंद झालं आणि तिथे बसचा डेपो आला. त्याच्या जुन्या मार्गावरून ट्राम न्यायला २०१७ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेही त्या खोलगट वाटेवर कुणी इमारती ठोकल्या नव्हत्या म्हणून शक्य झालं.

तेव्हा सध्या खुर्चीत असलेल्या आणि पुढे बसणाऱ्या आपल्या वारसांच्या कानात आपण एवढंच सांगा : गाडी थांबवायची तर थांबवा, वाट मोडू नका. गाडी उद्या पुन्हा लावता येते, पण मोडलेली वाट नातवंडांना विकत घ्यावी लागते, आणि ती नातवंडं ज्या बैठकीत मार्ग बंद होतो तिथे मताला हजर नसतात. आपल्या वहीत १९५८ च्या तिकिटांची जमा होती, २०२५ च्या दारात लटकणाऱ्यांची नव्हती. वहीचा दोष नाही. एका वर्षाची वही पाहून शंभर वर्षांच्या वाटेचा निकाल लावणाऱ्याचा आहे.

जाता जाता एक सूचना. लुआसच्या प्रत्येक तिकिटावर ‘अँड्रूज अधिभार’ म्हणून चार सेंट छापावेत, म्हणजे १९५८ साली वाचवलेले पैसे आपण अजून फेडत आहोत हे प्रवाशाला कळेल. अधिभार किती वर्षं चालू ठेवायचा, ते जमाखर्चाची तोंडमिळवणी होईल तेव्हा आपणच ठरवावं.

कळावे. उत्तराची घाई नाही.

आपला,
ग्रीन लाईनचा एक उभा प्रवासी